म्हातारीचा आवाज

८ मार्च

आली! ट्रकमधून उतरवताना निल्लास ओरडत होता, "ताई, जमिनीला टेकू दे तरी आधी." पण मी फळीवर असतानाच तिच्यावर बसले होते. नारिंगी, कोरी करकरीत स्नोस्कूटर. सीटवरचं प्लास्टिक मीच फाडलं, कुणाला हात लावू दिला नाही.

आजवर बर्फावर चालवल्या त्या सगळ्या स्कूटर दुसऱ्यांच्या उतरलेल्या. आधी काकाची, मग चुलतभावाची, मग बाबांची. बाबांची ती म्हातारी — तिच्यावर तर माझं अर्धं आयुष्य गेलं. स्वतःची आणि नवी अशी ही पहिलीच. केस पिकायला लागल्यावर का होईना!

खरं मत आजच लिहून ठेवते, नंतर सवय झाली की काही वाटेनासं होतं. किल्ली फिरवली की सुरू. दोरी खेचा, खांदा दुखवून घ्या, शिव्या द्या — काही नाही. हँडलच्या मुठी गरम होतात. एवढ्या थंडीत मी हातमोजे काढून बसले होते! मागे जायचा गिअर आहे. म्हातारीला मागे न्यायचं म्हणजे उतरायचं आणि बुडाशी धरून ओढायचं. हिचं इंजिन चार स्ट्रोकचं, धूर नाही, कपड्यांना तेलाचा वास नाही. आणि आवाज तर जवळजवळ नाहीच. चाप्पे पायरीवर झोपला होता. त्याच्या नाकाशी जाऊन थांबले तेव्हा कुठे साहेब उठले, आणि मग लाज वाटून भुंकले.

बाबा दोन्ही काठ्या टेकत बाहेर आले. एक फेरी मारली. पुढच्या स्कीला काठीने टोचून पाहिलं.

"सुरू कर."

"सुरूच आहे बाबा."

"हं," म्हणाले आणि आत गेले. बाबांच्या "हं"चा अर्थ लावत बसलं तर हिवाळा सरेल.

९ मार्च

नदीवर नेली. गोठलेल्या पात्रावर कुणी नव्हतं. पूर्ण सोडली! डोळ्यांतून पाणी, गालावर त्याचा बर्फ, आणि मी एकटीच मोठमोठ्याने हसतेय. कुणी पाहिलं असतं तर गावभर झालं असतं.

रात्री जेवताना बाबांनी विषय काढला. गुडघे संपले, यंदा वसंतात रेनडिअरच्या कळपापुढे ते नसणार. गाभण माद्या विण्याच्या आत समुद्राकडे न्यायलाच लागतात, म्हणजे कुणीतरी पुढे लागणारच.

"तुझ्यामागे कळप समुद्रापर्यंत आला, तर कळप तुझा," म्हणाले. "नाही आला तर शरदात निम्मी जनावरं कापायला देऊ. निल्लासला सुट्टीच्या दिवसांत सांभाळता येतील तेवढीच ठेवू."

निल्लास गावातल्या गॅरेजात कामाला असतो. तो ताटात बघत बसला. आई बिदोसचा मटणरस्सा वाढत होती, तिचा डाव हवेतच थांबला. निम्मी! कानावर आजीची खूण असलेली, माझ्या बारशाला मिळालेल्या मादीच्या वंशातली, सगळी त्यात.

मी म्हटलं, "येईल की. का नाही येणार?" आणि अजून थोडा रस्सा मागून घेतला.

११ मार्च

म्हातारी योव्सेतला दिली. त्याचा कळप टेकडीपलीकडे असतो. शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायचा, आणि कधी वेणी ओढली नाही, एवढंच त्याचं कर्तृत्व. फेब्रुवारीत त्याच्या स्कूटरचं इंजिन जळलं, तेव्हापासून बिचारा लाकडी स्की घालून कळपाकडे जातोय. बदल्यात त्याने स्वतः बनवलेली बर्चची स्लेज दिली. सांधे इतके सुबक आहेत की दोनदा हात फिरवून पाहिले. तो गेल्यावर.

"सायलेन्सरला भोक आहे," मी आधीच सांगितलं.

"ऐकलंय. डोंगराने पण ऐकलंय."

"दोरी तीनदा ओढावी लागते. तिसऱ्यांदा जरा प्रेमाने."

"प्रेमाने म्हणजे कशी?"

"शिवी देऊन."

तो हसला. त्याचे दात दिसत नाहीत, नुसते डोळे बारीक होतात. मग फटफटत, खडखडत टेकडीवर चढला. बराच वेळ आवाज येत राहिला. बाबा खिडकीत उभे होते. 

१२ मार्च

आई म्हणते, जेवताना स्कूटरशिवाय दुसरं काही बोलणार असशील तरच कॉफी मिळेल. कॉफी नाही प्याले.

१३ मार्च

आज फजिती.

जानेवारीत पाऊस पडून गोठला, शेवाळावर बर्फाचं टणक कवच आहे, जनावरांना उकरता येत नाही. म्हणून यंदा दिवसाआड गोळीपेंड न्यावी लागते. परवापर्यंत म्हातारीवरून नेत होते. तिचा आवाज आला की अख्खा कळप धावत यायचा, पोत्याचं तोंड सोडायलाही सवड द्यायचा नाही. आज नवीवरून गेले. बिनआवाजाची अशी सरसर गेले की त्यांच्या मधोमध पोचेपर्यंत कुणाला पत्ता नाही. मग एकीने मान वर केली. आणि गेले! सगळेच्या सगळे, टेकडीच्या दिशेने, बर्फाचा धुरळा उडवत. मी आणि पोती मागे उरलो. पेंड ओतली, लांब जाऊन बर्फात पालथी पडून राहिले. दिवस कलला तेव्हा चार-दोन चोरपावलांनी आली.

निल्लासला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "नव्या नवरीला सासरी कुणी ओळखत नाही वाटतं."

१५ मार्च

पुन्हा तेच. लांडगा आल्यासारखी पळतात. अगं, तुम्हांला खायला आणलंय!

१७ मार्च

कॉफीचे रिकामे डबे तारेला ओवून स्कूटरच्या मागे बांधले. निदान खडखड तरी होईल. इतकी खडखड झाली की चाप्पे स्लेजवरून उडी मारून घरी पळाला आणि कळप पार तळ्यापलीकडे गेला. डबे सोडले. एक बर्फात हरवला, तो आईच्या आवडीचा निघाला.

२३ मार्च

आज एक आली! एकशिंगी. तिचं एक शिंग शरदात मोडलं, तेव्हापासून तिला कुणी खायला जागा देत नाही. नवीच्या काचेला नाक लावून हुंगलं, मग माझ्या हातातली पेंड खाल्ली. मी श्वाससुद्धा घेतला नाही. मग तिच्यामागून आणखी काही आली, लांबच थांबली, पण थांबली! येताना नदीवर पुन्हा पूर्ण सोडली. स्कूटर झकास आहे. जनावरं शिकतील. मी शिकवीन.

२९ मार्च

निम्मी येतात आता. निम्मी.

शब्द लिहिला आणि बाबांचं वाक्य आठवलं. उद्यापासून पेंडीत थोडं मीठ घालून पाहते.

४ एप्रिल

ईस्टर, लग्नांचा हंगाम! सगळं गाव रंगीत. मी सणाचा पोशाख, नवी गाक्ती घातली, चांदीच्या पिनांसकट, आणि तशीच नवीवर बसले. चर्चसमोर माणसं नवरा-नवरी सोडून स्कूटर बघायला आली. "किती धावते?" "वळताना उलटत नाही ना?" म्हाताऱ्या मात्तेने तर विचारलं, "ह्या वर्षी घेतलीस म्हणजे कळप वाढला असेल नाही?" कळपात किती जनावरं हे कुणी कुणाला विचारत नाही, म्हणून असं आडून. मी म्हटलं, "वाढली ती हौस."

शर्यतीत उतरले. दुसरी आले! पहिला आला तो पोरगा माझ्या निम्म्या वजनाचा होता.

योव्सेत म्हातारीवरून आला होता. तो चौकात यायच्या आधी आवाज आला आणि लोकांनी टाळ्याच वाजवल्या. तोही शहाणा, मान वाकवून नमस्कार करत आला. त्याला मागे बसवून नदीवर एक चक्कर दिली. काठाला परत आलो तरी थोडा वेळ तो उतरला नाही.

"कशी आहे?" मी विचारलं.

"मुठी गरम झाल्या म्हणतेस, मला मागे काय गरम होणार?"

मग उतरताना म्हणाला, "तुझी जनावरं माझ्या मागे मागे करतात गं. टेकडीच्या माथ्यावरून जातो तेव्हा."

"करू देत. कुणीतरी तुझ्या मागे लागलंय हेच नवल."

तो काहीतरी सांगणार होता. तेवढ्यात निल्लास मला नाचायला ओढून घेऊन गेला.

७ एप्रिल

कळप गेला.

सकाळी पेंड घेऊन गेले तर एकही नाही. एकशिंगीसुद्धा नाही. पळाल्याच्या खुणा नव्हत्या, एकामागे एक रांगेत चाललेली पावलं होती, जेवायला जावं तशी. सरळ टेकडीकडे. त्या पावलांच्या मध्ये एका स्कूटरचा माग, आणि पट्ट्याचा एक दात तुटलेला, दर सहा-सात हातांवर तीच खोट. तो तुटला तेव्हा मीच होते वर.

टेकडीवर चढले. खाली योव्सेतचा कळप आणि माझा कळप, पाण्यात पाणी मिसळावं तसे एक. मधोमध तो म्हातारीच्या सीटवर उभा, दोन्ही हात वर.

"मी बोलावलं नाही," म्हणाला. "माथ्यावरून पेंड आणत होतो. मागे बघतो तर हे सगळे."

"हाकलायचे!"

"हाकलायला तिच्यावरूनच जावं लागतं. गेलो की आणखी जवळ येतात."

मी त्याला खूप बोलले. त्याने ऐकून घेतलं, त्यामुळे जास्तच राग आला. घरी येऊन बाहेरच बसून राहिले. चूक त्याची नव्हतीच. लोक जनावर विकतात, घर विकतात. मी माझ्या कळपाची जेवणाची घंटा विकली. आणि वर सायलेन्सरला भोक आहे म्हणून त्याच्यापुढे शरमलेही होते.

आईने आमच्या रीतीने कॉफीत सुकं मांस घालून बाहेर आणून दिलं. "बाबांना माहीत होतं का गं?" मी विचारलं.

"त्यांना काय विचारतेस? ते म्हणाले होते ना, आवाज कुठंय."

ते असं म्हणाले नव्हते. "हं" म्हणाले होते. आईला त्यांचं "हं" समजतं.

८ एप्रिल

बाबांना कातड्यांत गुंडाळून, बर्चच्या स्लेजवर घालून, नवीने ओढत योव्सेतच्या तंबूपर्यंत नेलं. वाटेत एकदा थांबले तर म्हणाले, "हादरे कमी बसतात." ह्या स्कूटरबद्दल त्यांचं हे पहिलं चांगलं वाक्य. दुसऱ्या कुठल्या दिवशी नाचले असते.

वेगळं करायचं म्हणजे कोंडवाडा उभा करायचा, गाभण माद्यांना त्यात कोंबायचं, एकेकीचा कान बघून ओढायची. निम्म्या तिथेच वासरं टाकतील. आणि दक्षिणेचा गरम वारा येतोय, नदीवरचा बर्फ थांबणार नाही. बाबांनी जास्त वेळ घेतला नाही. "एकत्रच न्या. शरदात कानाच्या खुणा बघून वेगळे करा."

मग प्रश्न, पुढे कोण.  कळप म्हातारीच्या मागे जातो, आणि म्हातारी योव्सेतची. ज्याची स्कूटर तो पुढे, ह्यात काय विचारायचं? बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग चुलीकडे. मला निम्मी जनावरं कापायला जाताना दिसली. मी उठून बाहेर आले.

दिलेली वस्तू परत मागायची नाही, आमच्यात ते भिकेपेक्षा वाईट. योव्सेत मागून आला, म्हातारीला टेकून उभा राहिला. मी त्याच्याकडे न बघता म्हटलं —

"म्हातारी दे. समुद्रापर्यंत. मग परत घे."

"आणि मी?"

"माझी घे."

त्याने नवीकडे पाहिलं. "मागे जायचा गिअर आहे म्हणालीस ना?"

"आहे."

"मग मागूनच येतो. माझी जनावरं तुझ्यांच्या मागे येतील. त्यांना सवय होतेय."

किल्ली त्याच्या हातात ठेवली, पण बोटं काही लगेच उचलली नाहीत. एक महिन्याची स्कूटर! पण हेही लिहिते, खोटं कशाला, की बोटं रेंगाळली ती सगळी स्कूटरसाठी नव्हे.

१२ एप्रिल

निघालो! ऊन चढायच्या आधी, बर्फ कडक असताना. दोरी ओढली, ओढली, तिसऱ्यांदा शिवी देऊन. म्हातारी फटफटली आणि समोरची टेकडी उठून उभी राहिली. जनावरंच ती! मी हळूहळू पुढे निघाले. पुढे असतो त्याने सारखं मागे बघू नये, बघितलं तर तीही थांबतात. बाबांचा नियम. नुसतं ऐकायचं. हजारो खुरांचा तो चुटचुट आवाज, माझ्या मागे. माझ्या!

१४ एप्रिल

कान बधिर. हात गारठून लाकूड. कपड्यांना तेलाचा वास. नव्या स्कूटरच्या मुठी आठवून रडू येतं. योव्सेत मात्र हातमोजे न घालता फिरतोय, मुद्दाम दाखवत.

१७ एप्रिल

खिंडीत मऊ बर्फ. योव्सेत नवीसकट कमरेपर्यंत रुतला. ती जड आहे, हे मान्य करायला हवं. मऊ बर्फात तिला उकरून काढायचं म्हणजे घर उकरल्यासारखं. निल्लास सुट्टी काढून आलाय, तो आणि मी खणत होतो, आणि योव्सेत खाली आडवा पडून म्हणत होता, "गिअर कुठंय तुझा मागे जायचा?" हसून हसून माझी बरगडी दुखली. पण नंतर चालवेना अशी थकलेली मादी नवीच्या स्लेजवर घालून खिंडीतला चढ तिने एका दमात चढला. तेही लिहायला हवं.

२० एप्रिल

नदी.

बर्फावर पाणी चढलं होतं, निळंशार. आधी चालत गेले, गज टोचत. धरतोय. पण जडाला धरणार नाही. योव्सेतला म्हटलं, तू नवी घेऊन रस्त्याच्या पुलावरून ये. तो म्हणाला, "आणि तू?" मी दोरी ओढली.

मध्यावर पोचले आणि म्हातारी बंद पडली. एकदम शांत. पाणी माझ्या बुटांवरून वाहतंय, मागे काठाला कळप, आणि त्या शांततेत मला ऐकू आलं की खुरांचा आवाज वळतोय. परत फिरतायत! एकदा फिरला की कळप पुन्हा पाण्यात उतरत नाही, निदान यंदा नाही. दोरी ओढली. काही नाही. ओढली. काही नाही. शिवी सुचेना. मग मी आजीला हाक मारावी तसं म्हटलं, "चल गं बाई, चल," आणि ओढली.

फट्. फटफटफट! आयुष्यात इतका गोड आवाज ऐकला नाही. मागे पाण्यात एक खूर पडला, मग दुसरा. मी वळून पाहिलं नाही. पलीकडच्या काठावर चढल्यावरच पाहिलं. सगळी नदी शिंगांनी भरली होती. सर्वांत पुढे एकशिंगी, जशी काही ती माझी मालकीण.

योव्सेत वळसा घालून फार उशिरा आला. चेहरा पांढरा. मला नखशिखांत बघून घेतलं, मग म्हातारीजवळ जाऊन तिच्या सीटवर हात ठेवला. "पुलावरून दिसत होतं," एवढंच म्हणाला. मग स्वतःचे हातमोजे मला दिले. माझे भिजले होते.

२७ एप्रिल

समुद्र! खारा वास आला तशी जनावरं धावतच सुटली, मला बाजूला व्हावं लागलं. पोचलो. एकही वासरू वाटेत पडलं नाही.

आई-बाबा गाडीने आधीच आले होते. बाबा रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून बसले होते. कळप समोरून जात असताना त्यांनी मोजला नाही, नुसतं एकेका कानाकडे पाहत राहिले. आमची खूण, त्याची खूण, आमची, आमची, त्याची. शेवटची मादी गेली तेव्हा म्हणाले, "शरदात काही कापायचं नाही. कळप तुझा." मग आईकडे कप पुढे केला, "कॉफी."

मी स्कूटरमागे जाऊन रडले. आईला दिसलं. तिने दुसरीकडे बघितलं.

नवी परत मिळाली. योव्सेतने टाकी भरून, काच पुसून दिली. म्हातारी त्याच्या तंबूपुढे उभी केली. चालवायला बसले तर नवी फार शांत वाटते आता. बोलायला कुणी नसल्यासारखी.

१ मे

पहिलं वासरू! काळंभोर, एकशिंगीचं. उभं राहिलं, पडलं, उभं राहिलं. त्याच्या कानावर खूण करायची वेळ अजून लांब आहे. योव्सेत आणि मी पोटावर पडून दुर्बिणीतून बघत होतो, आळीपाळीने. नंतर दुर्बीण कुणाच्या हातात आहे ते दोघांनाही कळेना.

३ मे

योव्सेतने निघायला म्हणून सामान स्लेजवर बांधलं, सगळं, आणि मग दोर हातात घेऊन विचारलं, शरदात कळप वेगळे करायला कोंडवाडा कधी उभा करायचा?

मी म्हटलं, वेगळे कशाला?

त्याने सामान परत उतरवलं.